स्कोअर सांगायचा कसा : कतार वर्ल्डकप अंदाज प्रकल्पाच्या नोंदी

१६ ऑक्टोबर २०२२

आमच्या तालमीच्या स्पर्धेचे नियम आज कागदावर आले. फुटबॉल वर्ल्डकपच्या प्रत्येक मॅचचा स्कोअर मॅच सुरू होण्याआधी लिहून द्यायचा. अचूक स्कोअरला ५ गुण, नुसता निकाल (जीत, हार, ड्रॉ) बरोबर आला तर २, नाहीतर शून्य. स्कोअर ९० मिनिटांचा धरायचा, रेफरीने वाढवलेल्या मिनिटांसकट. बाद फेरीतला जादा वेळ आणि टायब्रेकर (पेनल्टी शूटआउट) धरायचा नाही. पैशाचा व्यवहार नाही, जिंकणाऱ्याला एक चांगला बॉल.

कोल्हापुरात वर्ल्डकप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना अशी उभी फाळणी होते. इथे अंदाज काळजाने लिहिले जातात. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला ते कळतं आणि मला ते आवडतंही. पण या वेळी मला एक गोष्ट नीट करून बघायची आहे. स्कोअर सांगणं म्हणजे एक आकडा फेकणं नव्हे. प्रत्येक स्कोअरची शक्यता किती हे आधी मांडायचं, आणि मग त्यातून कोणता लिहायचा ते ठरवायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. ती वेगळी ठेवायची, हाच या प्रकल्पाचा मुद्दा.

२३ ऑक्टोबर

पहिला प्रश्न: एका मॅचमध्ये सरासरी किती गोल? २०१० ला दक्षिण आफ्रिकेत १४५, २०१४ ला ब्राझीलमध्ये १७१, २०१८ ला रशियात १६९. प्रत्येक स्पर्धेत ६४ मॅच. एकूण १९२ मॅचमध्ये ४८५ गोल, म्हणजे मॅचमागे २.५३. माझ्या एक्सेल शीटमध्ये २.५ धरतो.

सरासरी कळली की पॉयसन वितरण बाकीचं काम करतं. गोल ही विरळ घडणारी घटना आहे, ९० मिनिटांत कधीही होऊ शकते, आणि एका गोलचा पुढच्या गोलशी संबंध फारसा नसतो असं समजून चालायचं. (हे समजणं पूर्ण खरं नाही, त्यावर पुढे येईनच.) एक्सेलमध्ये त्याचं सूत्र तयार आहे. सरासरी द्या, की ० गोल, १ गोल, २ गोल यांच्या शक्यता मिळतात.

सरासरी २.५ असेल तर ०-० ची शक्यता ८.२ टक्के. ६४ मॅचच्या स्पर्धेत पाचेक वेळा. प्रत्यक्षात २०१४ ला ०-० सात वेळा झालं आणि २०१८ ला एकदाच, फ्रान्स-डेन्मार्क. म्हणून एका स्पर्धेवरून "हल्ली ०-० होत नाही" असा निष्कर्ष काढायचा नाही. रशियात व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीला मदत) पहिल्यांदा आलं, विक्रमी २९ पेनल्टी दिल्या गेल्या, तेव्हा अनेकांनी तो काढला होता.

३० ऑक्टोबर

२.५ गोल दोन संघांत वाटायचे कसे? यासाठी ईलो गुण. पद्धत मूळची बुद्धिबळातली. मॅचआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षा ठरते आणि निकालानंतर गुणांची देवाणघेवाण होते. फिफाची क्रमवारीही ऑगस्ट २०१८ पासून याच तत्त्वावर चालते. मला जागतिक फुटबॉलचं स्वतंत्र ईलो कोष्टक जास्त पटतं. त्यात वर्ल्डकपच्या मॅचला ६० वजन आणि मैत्रीपूर्ण मॅचला २०, शिवाय गोलफरकही मोजला जातो.

फरक मोठा असेल तर २.० विरुद्ध ०.६, मध्यम असेल तर १.६ विरुद्ध ०.९, नसेल तर १.२५ प्रत्येकी, अशी माझी वाटणी. आक्रमण आणि बचाव यांची ताकद वेगवेगळी काढून पॉयसनमध्ये घालायची रीत संख्याशास्त्रज्ञ माहेर यांनी १९८२ मध्ये मांडली. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७ मध्ये तिच्यात दोन सुधारणा केल्या: जुन्या मॅचचं वजन कमी करत जायचं, आणि कमी गोलांच्या स्कोअरची शक्यता थोडी हलवायची, कारण ०-० आणि १-१ साध्या पॉयसनपेक्षा जास्त होतात. क्लब फुटबॉलमध्ये वर्षाला शेकड्याने मॅच मिळतात. देशांचे संघ वर्षात जेमतेम दहा-बारा मॅच खेळतात, त्यातही विरोधक आपल्याच खंडातले. एवढ्या माहितीवर प्रत्येक संघाचं आक्रमण आणि बचाव वेगळं काढायला गेलो तर आकडे दिसतील नेमके, पण पाया भुसभुशीत राहील. म्हणून एकच ताकद, ईलोची.

एक सोपी गोष्ट यातून हाती लागली. पॉयसनमध्ये सर्वांत संभाव्य गोलसंख्या म्हणजे सरासरीचा पूर्णांक भाग. १.६ असेल तर १, ०.९ असेल तर ०. सरासरी नेमकी २ असेल तर एक गोल आणि दोन गोल यांची शक्यता अगदी सारखी. म्हणजे वरच्या संघाची सरासरी दोनच्या आत असेल तर १-०, वर गेली तर २-०. चौकातले अंदाज ३-१, ४-१ असे असतात, कारण आपल्याला आठवतात त्याच मॅच ज्यात गोल झाले.

६ नोव्हेंबर

आजचा दिवस या कामातला सगळ्यात महत्त्वाचा.

समसमान संघ घेतले, १.२५ प्रत्येकी. सर्वांत संभाव्य स्कोअर १-१, शक्यता १२.८ टक्के. १-० ची शक्यता १०.३. कुणीही म्हणेल, १-१ लिहा.

आता नियम लावून बघू. १-१ लिहिलं तर अचूक येण्याचे ०.१२८ गुणिले ५, म्हणजे ०.६४. ड्रॉची एकूण शक्यता २७ टक्के, त्यातून १-१ वजा केलं तर १४.२ टक्के उरतात, त्याचे दोनप्रमाणे ०.२८. बेरीज ०.९२.

१-० लिहिलं तर अचूकचे ०.५१. त्या संघाच्या जिंकण्याची शक्यता ३६.५ टक्के, १-० वजा करता २६.२, त्याचे ०.५२. बेरीज १.०४.

सर्वांत संभाव्य स्कोअर १-१ आहे, तरीही लिहायला १-० चांगला! ड्रॉ होतो फक्त सारख्या स्कोअरने, जिंकण्याचे रस्ते मात्र पुष्कळ. चूक ठरलेल्या १-० मागे २-०, २-१, ३-१ असे सगळे दोन गुणांचे स्कोअर उभे असतात. नियम बदलला तर उत्तर बदलेल. फक्त अचूक स्कोअरलाच गुण असते तर १-१ च बरोबर होतं. म्हणून ज्याला अशी स्पर्धा खेळायची आहे त्याने संघांच्या याद्या उघडण्याआधी गुणांचा नियम वाचावा. हे मी तालमीत सगळ्यांना सांगितलं, कारण लपवून ठेवण्यासारखं यात काही नाही.

ड्रॉची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत चढली तर दोन्ही पर्याय जवळपास सारखे होतात. बाद फेरीसाठी हे लक्षात ठेवायचं.

१९ नोव्हेंबर

दुखापती. सेनेगलचा माने बाहेर, फ्रान्सचे कान्ते आणि पोग्बा आधीच नव्हते, आज बेन्झेमाही गेला. युरोपातल्या लीग जेमतेम आठवड्यापूर्वी थांबल्या, संघांना एकत्र सरावाला वेळच नाही. एका खेळाडूमागे किती वजा करायचं याला आधार सापडत नाही. सेनेगलमधून थोडं कमी केलं. फ्रान्सकडे राखीव फळी एवढी दणकट आहे की हात लावला नाही.

२१ नोव्हेंबर

कतार ०, इक्वेडोर २. यजमान पहिलीच मॅच हरण्याची वर्ल्डकपच्या इतिहासातली ही पहिली वेळ. यजमानाला ईलोत १०० गुण जास्तीचे देतात, ते तसेच ठेवतो. ते गुण कित्येक वर्षांच्या मॅचमधून आलेत, काल रात्रीच्या एका मॅचने ते खोटे ठरत नाहीत.

२२ नोव्हेंबर

अर्जेंटिना १, सौदी अरेबिया २.

दुपारी साडेतीनची मॅच, चौकात पडदा लावलेला. शेवटची शिट्टी झाल्यावर जी शांतता पसरली ती मी आधी कधी अनुभवली नव्हती. छत्तीस मॅच न हरलेला संघ, क्रमवारीत तिसरा, आणि समोर एक्कावन्नावा.

शीटमध्ये मोठ्या फरकाच्या मॅचला खालचा संघ जिंकण्याची शक्यता १० टक्के आहे. दहा टक्के म्हणजे "होणार नाही" असं नव्हे. गटसाखळीत अशा मोठ्या फरकाच्या मॅच दहाबारा तरी असतात, त्यात एखादी उलटी जाणं हेच अपेक्षित आहे. शिवाय पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. सौदीची बचावफळी धाडसाने वर सरकून उभी होती आणि नव्या अर्धस्वयंचलित यंत्रणेने अगदी थोडक्याचे ऑफसाइडही पकडले. त्या डावपेचाचं श्रेय सौदीला द्यायलाच हवं. पण अर्जेंटिनाचे गुण ईलोच्या सूत्राने जेवढे कमी होतात तेवढेच करायचे, रागाने जास्त नाही. पुढच्या मॅचला मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच.

२५ नोव्हेंबर

सगळ्या संघांची एकेक मॅच झाली. सोळा मॅचमध्ये ४१ गोल, सरासरी २.५६. शीटच्या सरासरीला अगदी लागून. पण आतली वाटणी विचित्र: चार वेळा ०-०, आणि दुसऱ्या टोकाला स्पेन ७-० कोस्टारिका, इंग्लंड ६-२ इराण. स्पेनसाठी २.४ विरुद्ध ०.५ धरलं तरी ७-० ची शक्यता अर्धा टक्का येते. असे स्कोअर लिहायचे नसतात. ते झाले की टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या ओळीवर जायचं.

रेफरी समितीचे प्रमुख कोलिना यांच्या सूचनेनुसार वाया गेलेला वेळ पुरेपूर भरून दिला जातोय. इराणच्या गोलकीपरला डोक्याला मार लागला त्या मॅचच्या पहिल्या हाफमध्येच चौदा मिनिटं वाढवली, आणि तारेमीचा पेनल्टी गोल ९० अधिक १३ व्या मिनिटाला झाला. खेळ वाढला तर गोलही त्या प्रमाणात वाढायला हवेत. सरासरी २.५ वरून २.६ केली. यापेक्षा जास्त हलवायला सोळा मॅचचा पुरावा पुरत नाही.

२९ नोव्हेंबर

दोन्ही मॅच जिंकून गटात सहा गुण फक्त तिघांचे: फ्रान्स, ब्राझील, पोर्तुगाल. आता तिसरी मॅच, आणि इथे ईलो आंधळं असतं. त्याला संघाची ताकद कळते, गरज कळत नाही.

आप्पांना विचारलं. ते आमच्या तालमीचे जुने गोलकीपर. म्हणाले, "पुढं गेलेला संघ पाय जपून खेळतोय पोरा. आणि ज्याला घरला जायाचंय तो जीव तोडून खेळतोय." आकड्यात बसवायचं तर या तिघांच्या मॅच समसमान धरायच्या. समसमान मॅचमध्ये कुणाच्याही बाजूने १-० लिहिलं तरी अपेक्षित गुण तेवढेच, मग बाकी सगळे जिकडे लिहिणार नाहीत तिकडे लिहिणं फायद्याचं. बदल एकट्या फ्रान्सच्या मॅचला केला, कारण त्यांचं पहिलं स्थानही जवळपास पक्कं आहे. ट्युनिशिया १-० फ्रान्स असं लिहून दिलं. ब्राझील आणि पोर्तुगालच्या बाजूनेच राहिलो.

१ डिसेंबर

ट्युनिशिया १-० फ्रान्स. पाच गुण.

पण रात्रभर डोक्यात राहिली ती दुसरीच मॅच. पोलंड अर्जेंटिनाकडून ०-२ मागे, तिकडे त्याच वेळी मेक्सिको सौदीविरुद्ध २-० पुढे. दोघांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे. पिवळी कार्डं कमी म्हणून पोलंड पुढे जात होतं. पोलंडचे खेळाडू आणखी गोल आणि कार्ड टाळत शेवटची मिनिटं काढत होते, मेक्सिको तिसऱ्या गोलसाठी धडपडत होतं. शेवटी इंज्युरी टाइममध्ये सौदीनेच गोल केला आणि मेक्सिको गोलफरकावर बाहेर पडलं. एका मैदानावरचा स्कोअर दुसऱ्या मैदानावरचा खेळ ठरवत होता. पॉयसनचं "एका गोलचा दुसऱ्याशी संबंध नाही" हे गृहीतक तिसऱ्या मॅचमध्ये सगळ्यात कमकुवत असतं. पुढच्या वेळी तिसऱ्या मॅचसाठी वेगळा तक्ता करणार: कुणाला काय पुरेसं आहे, आणि ड्रॉ दोघांनाही चालतो का.

३ डिसेंबर

गटसाखळी संपली. ब्राझील कॅमेरूनकडून ०-१, पोर्तुगाल कोरियाकडून १-२. सहा गुणवाले तिघेही तिसरी मॅच हरले. १९९४ नंतर पहिल्यांदाच एकाही संघाला गटातल्या तिन्ही मॅच जिंकता आल्या नाहीत. आप्पांचं म्हणणं मी तिन्ही मॅचला लावायला हवं होतं असं आता बरेच जण सांगतायत. पण मॅचआधी जे माहीत होतं त्यावर ब्राझील आणि पोर्तुगाल वेगळे होते, हे मला आजही पटतं.

आज हिशेबाचा दिवस. ४८ मॅच, १२० गोल, सरासरी बरोबर २.५. मॅचमागे एकूण गोल किती, याची पॉयसनशी तुलना केली:

शून्य गोल: अपेक्षा ४, झाल्या ६.
एक गोल: अपेक्षा १०, झाल्या ९.
दोन: अपेक्षा १२, झाल्या १४.
तीन: अपेक्षा १०, झाल्या ९.
चार: अपेक्षा ६, झाली फक्त १.
पाच: अपेक्षा ३, झाल्या ५.
सहा किंवा जास्त: अपेक्षा २, झाल्या ४.

चार गोलांची ती एकमेव मॅच म्हणजे कतार १-३ सेनेगल. २-२ एकदाही नाही. १-१ फक्त तीन. सगळ्यात जास्त झालेला स्कोअर २-०, अकरा वेळा. मग १-० नऊ, २-१ आठ.

शीट खरंच काही कमावतं का हे तपासायला अगदी साध्या नियमांशी तुलना हवी. फिफाच्या ऑक्टोबरच्या क्रमवारीत जो वरचा तो जिंकणार, एवढंच धरलं. वरचा संघ ४८ पैकी २६ मॅच जिंकला, १० ड्रॉ, १२ हरला. आमच्या नियमाने गुण असे पडले असते: प्रत्येक मॅचला १-१ लिहिणाऱ्याला २९. वरच्या संघाला १-० देणाऱ्याला ६४. वरच्या संघाला २-१ देणाऱ्यालाही ६४. आणि वरच्या संघाला २-० देणाऱ्याला ७९!

१-१ आणि बाकीच्यांतलं अंतर अपेक्षेपेक्षा मोठं आहे, पण दिशा ६ नोव्हेंबरच्या हिशेबाचीच. २-० च्या ७९ मध्ये मात्र या स्पर्धेचा योग मोठा आहे, अकरा वेळा २-० दर वर्ल्डकपला होणार नाही. माझं शीट मोठ्या फरकाला २-० आणि मध्यमला १-० लिहीत होतं, म्हणून या दोन नियमांच्या मधे राहिलं. ज्याला शीट बनवायला वेळ नाही त्याने क्रमवारी बघून वरच्याला २-० किंवा १-० लिहीत जावं. चौकातल्या बहुतेक अंदाजांपेक्षा ते सरस ठरेल. ड्रॉ दहाच झाले, पण कुठले दहा, हे आधी कुणालाच सांगता आलं नाही.

७ डिसेंबर

बाद फेरीचे सोळा संघ आठवर आले. मोरोक्को-स्पेन ०-०, जपान-क्रोएशिया १-१, दोन्ही टायब्रेकरवर. पोर्तुगाल ६-१ स्वित्झर्लंड, तेही रोनाल्डोला बाकावर बसवून.

जादा वेळ म्हणजे तीस मिनिटं, म्हणून गोलही सरासरीचा तिसरा हिस्सा. समसमान संघांत जादा वेळही बरोबरीत सुटण्याची शक्यता ५१ टक्के. आमच्या गुणांशी याचा संबंध नाही, पण हिशेब करून ठेवला.

१० डिसेंबर

क्रोएशिया-ब्राझील ९० मिनिटांत ०-०, मग १-१, मग टायब्रेकर. नेदरलँड्स-अर्जेंटिना २-२. या वर्ल्डकपमधलं पहिलं २-२, आणि तेही ९० अधिक ११ व्या मिनिटाला त्या अफलातून फ्री किकवर वेगहोर्स्टने केलेल्या गोलने! अर्धी पेठ आज बोलत नाहीये.

१७ डिसेंबर

फायनलचा अंदाज. मी दुसऱ्या क्रमांकावर, पहिल्याशी अंतर दोन गुणांचं. आता प्रश्न बदलतो. सुरुवातीला गुण जास्तीत जास्त मिळवायचे होते, आता एका माणसाच्या पुढे जायचं आहे. मागे असलेल्याने पुढच्यासारखाच अंदाज लिहिला तर तो मागेच राहतो. पुढे असलेल्याने मागच्याचा अंदाज उचलला तर तो सुरक्षित राहतो. पुढचा गडी अर्जेंटिनाचा भक्त, तो अर्जेंटिनाच लिहिणार.

मला फ्रान्स १-० किंवा १-१ यांतून निवडायचं आहे. ९० मिनिटांपुरतं बघितलं तर २००६, २०१० आणि २०१४ या तिन्ही फायनल बरोबरीत होत्या. २०१८ ची ४-२ होती. चार फायनल म्हणजे पुरावा तोकडाच. पण फायनलला संघ सावध खेळतात हे पटण्यासारखं आहे, आणि ड्रॉ ३० टक्के धरला तर १-१ लिहिण्यात नुकसान राहत नाही. वर, बाकी कुणीही ड्रॉ लिहिणार नाही. महिनाभर टाळलेला ड्रॉ उद्या लिहायचा. १-१.

१९ डिसेंबर

७९ व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-०. त्या क्षणी समसमान संघ धरून, वाढीव वेळ मिळवूनही, फ्रान्सने बरोबरी साधण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास होती. ८० व्या मिनिटाला एम्बाप्पेची पेनल्टी, ८१ व्याला त्याचाच दुसरा. ९० मिनिटांचा स्कोअर २-२. मला निकालाचे दोन गुण, पुढच्याला शून्य, आम्ही बरोबरीत. बॉल तालमीच्या पोरांना दिला, त्यांना तो जास्त कामाचा. मेस्सीच्या हातात कप बघून पुढचा गडी रडला. त्याला गुणांची आठवणही नव्हती.

स्पर्धेचे एकूण गोल १७२, आजवरचे सर्वाधिक, सरासरी २.६९. जादा वेळेत गेलेल्या पाचही मॅच टायब्रेकरपर्यंत गेल्या, हाही विक्रम.

१५ मार्च २०२३

काल फिफाच्या परिषदेने २०२६ चं स्वरूप ठरवलं. ४८ संघ, चार-चारचे बारा गट, १०४ मॅच. गटातले पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्या क्रमांकाचे सर्वांत चांगले आठ. तीन-तीनचे गट करायचा जुना बेत रद्द झाला हे फार बरं झालं. त्यात शेवटच्या मॅचला एक संघ बाहेर बसून राहिला असता, आणि मैदानावरच्या दोघांना सोयीचा स्कोअर जुळवायची वाट मोकळी झाली असती.

पण तिसऱ्यालाही दार उघडं राहिल्याने ड्रॉची किंमत वाढणार. युरो २०१६ मध्ये हीच पद्धत होती. पोर्तुगालने गटातल्या तिन्ही मॅच ड्रॉ केल्या, तिसऱ्या क्रमांकावरून पुढे गेले आणि कप जिंकला. तेव्हा २०२६ च्या शीटमध्ये तिसऱ्या मॅचचा तक्ता आधी करायचा. पहिल्या दोन मॅचनंतर प्रत्येक संघाला एक गुण पुरतो का, हा रकाना सगळ्यात डावीकडे. दोघांनाही पुरत असेल तिथे ड्रॉची शक्यता ३० टक्क्यांच्या वर न्यायची आणि १-१ लिहायचं. १९८६ पासून युरोत आणि वर्ल्डकपमध्ये ज्या ज्या स्पर्धांत तिसरा क्रमांक पुढे जात होता, त्यांच्या गटातल्या शेवटच्या मॅचचे स्कोअर गोळा करायला या रविवारपासून बसतो. आप्पांनाही बोलावलंय.